तेल कमीच होत नव्हतं

मिरकरवाडा, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय मुसा,

कुवेतला हे पत्र उघडशील तेव्हा आधी एवढं वाच: तुझी लाँच बंदराला लागली आहे, तुझा भाऊ गफूर आणि चौघं खलाशी सुखरूप घरी आहेत. आता पुढचं सावकाश सांगतो, कारण माझं काळीज अजून ठिकाणावर नाही.

सुट्टीवर आला होतास तेव्हा म्हणालास, रावजीकाका, आमच्या कंपनीत इंजिनातलं वापरलेलं तेल तपासायला पाठवतात, अहवाल चांगला आला तर तेच आणखी चालवतात. मी हसलो. म्हटलं, तेल चोळून बघायला माझी बोटं काय मेलीत? तरी तुझं मन राखायला एक बाटली भरून मुंबईला धाडली. अहवालाची वाट मात्र बघितली नाही. तुझ्या इंजिनाची देखभाल माझ्याकडे, आणि त्याचं मला कौतुकच तेवढं! इतरांची इंजिनं फेरीला लिटर-लिटर तेल पितात, हे थेंब पीत नव्हतं. तेल मोजायची पट्टी काढावी तर तेल वरच्या खुणेला. म्हणून अडीचशे तासांनी बदलायचं तेल मी पाचशेवर नेलं, आणि धक्क्यावर चारचौघांत मिरवलंही.

शनिवारी लाँच सुटली आणि मागोमाग पोस्टमन आला. कागद इंग्रजीत, हायस्कूलच्या सरांकडून वाचून घेतला. तेलात डिझेल, तेलात झिजलेल्या बेअरिंगचा धातू. तेव्हा कुठे उमगलं रे. इंजिन तेल पीतच होतं. पण जेवढं जाई तेवढं डिझेल फवारणाऱ्या गळक्या नोझलमधून खाली तेलात उतरे, आणि पट्टी भरलेलीच दिसे. चाळीस वर्षं पट्ट्या बघतोय मी! आणि लाँच कुठे दर्यात, निरोप द्यायची सोय नाही. दोन दिवस धक्क्यावरून हललो नाही. तुझी आई डबा घेऊन येई आणि भरलेलाच परत नेई. सोमवारी वेळणेश्वरच्या बाजूने दुसऱ्या लाँचने दोर लावून ओढत आणली. डिझेलने तेल पातळ होऊन इंजिन जाम.

गफूरने काल तुला पत्र टाकलंय, की तेल बदलायला तोच विसरला. तुझ्या आईने मला आत्ता सांगितलं. खोटं आहे ते. महिन्यापूर्वीच तो म्हणाला होता, काका, पट्टीला डिझेलचा वास येतोय. मी सगळ्या खलाशांदेखत त्याला म्हटलं, तू मासे हुंग, तेलाचं मी बघतो. आता माझी अब्रू राखायला तुझा राग अंगावर घेतोय. त्याला लाँचवरून उतरवू नकोस, मुसा. उतरवायचं तर मला उतरव.

तुझाच,
रावजीकाका