रविवारी फोन हातात येण्याआधी

प्रिय आई,

बिश्केकला सुखरूप पोचले. तू बांधून दिलेले बोरसोक गाडीतच संपवले, तेव्हा माझ्या खाण्याची काळजी नको. तू जेवतेस ना?

घरी बोलता आलं नाही, फोनवर माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहिते. इंटरनेटने रोजचं जगणं किती सोपं होतं, हे मी त्या दिवशी बायकांच्या वर्गात शिकवत होते. माझा फोन भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला होता. आजोबा गेल्याचं गावाच्या ग्रुपवर आलं आणि माझ्याआधी वीस बायकांनी वाचलं.

आपल्यात अशी बातमी वडीलधारे घरी येऊन सांगतात. आधी चहा, मग मेंढरांची चौकशी, मग हळूच ते. दफनाच्या दिवशी जुमाकान काका म्हणाले, "ग्रुप तूच काढलास ना पोरी? बघ, बातमी किती चटकन पोचली."

घरोघर फिरून मीच तो सगळ्यांच्या फोनवर घातला होता. आजोबांच्याही. त्यांचा फोन बंद कर, आई. त्यांच्याच शोकाचे संदेश त्यावर वाजत होते.

आपल्या धाकट्या तिलेकला अजून काही माहीत नाही. त्याला मी ग्रुपमधून काढलं, पण आधीचे संदेश त्याच्या फोनवर पडलेच आहेत. सैन्याच्या छावणीत त्यांना फक्त रविवारी फोन देतात. त्याला तर आजोबांनीच वाढवलं. हे पत्र गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. काकांना शनिवारीच छावणीत जायला सांग. घाई करू नका म्हणावं. त्याचा चहा पिऊन होऊ दे.

तुझी शिकलेली मुलगी,
आयझिरेक