शारदीच्या पट्टीच्या खाचा

नीळकंठा,

आपलं बोलणं बंद हाये, म्हणून ही चिठ्ठी तुह्या भाकरीच्या डब्याखाली ठेवली. माह्या शारदीले तिच्या आजीकडून आणाले उंद्रीले चाललो.

तापानं लुळ्या झालेल्या तिच्या पायाले आधार म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापली, पण चामड्याचे पट्टे ओवाच्या खाचा मले साधल्या नाही. पत्रा पातळ. चार दात्यांच्या कटरात पत्र्याचा कीस अडकला अन् काठ फाटला. दुसरी पट्टी कापून डब्याजवळ ठेवली. आज कापसाच्या जिनात मशीनवर तू दोन दात्यांचा नवा कटर लाव, कीस मोकळा निघते. पत्र्याखाली फळी दे, वरूनबी दाबून धर, नाहीतर थरथरते. कटरावर घासलेट सोडत राह्य. मंग काठ घासून आपल्या गालावर फिरवून पाह्य. पोरीले टोचलं तरी ती सांगत नाही.

तिची आजी म्हणते, पोरगी आताशा उभीच राह्यत नाही, हट्ट करते. हट्ट नाही रे. एक हात माहा अन् एक तुहा धरून उभी राह्याची ती. आपण अबोला धरला तवापासून बसली.

संध्याकाळी घरीच राह्यजो. तिचा एक हात मी धरतो, दुसरा तुह्यासाठी ठेवतो.

दादा