बरणीतली माती बसेपर्यंत

६ मार्च, सोमवार
निश्चय: मागच्या अंगणात गुलाब फुलवणार. चिरंजीवांना तिथे गाडीची शेड हवी आहे. म्हणाले, बाबा, रविवारी गवंडी येतोय. तोवर काही लावलेलं दिसलं तर जागा तुमची, नाहीतर गाडीची. मी म्हटलं, शेड विसराच. हिने दुपारीच गुलाबाची दोन कलमं आणली. आजच लावा म्हणाली. हिला घाई फार. आधी मातीचा अभ्यास, मग लागवड.

७ मार्च, सकाळ
काचेची बरणी मिळवली. (सूनबाईंची. विचारायचं राहिलं.) थोडी माती, वर पाणी, चिमूटभर साबणाची पावडर. खळखळून हलवली. आता हात लावायचा नाही. आधी वाळू बसते, तिच्यावर पोयटा, सर्वांत शेवटी चिकणमाती. तीन थर दिसले की मातीची कुंडली हातात! शाळेतली मातीवरची कविता मोठ्याने म्हटली. तिसरं कडवं आठवेना.

दुपार
बसली का ते पाहायला बरणी उचलली. ढवळली गेली. पुन्हा पहिल्यापासून.

८ मार्च
पहाटे उजेडात धरली. गढूळ. पाण्यातच दोष असणार. बदललं. चहानंतर पाहिली. गढूळ. ही म्हणाली, अहो, तिला जरा बसू द्या, आणि तुम्हीही बसा. बसलो. उठलो.
दरम्यान बोटांची चाचणी. ओली माती चिमटीत दाबून पट्टी काढायची. लांब निघाली तर चिकण. चांगली लांब निघाली. सोंडेसारखी दिसली, म्हणून मागे हत्ती जोडला. हस्तकलेच्या तासाला बाई माझाच हत्ती वर्गभर फिरवायच्या. कान बसवण्यात संध्याकाळ झाली.

१० मार्च
बरणी अजून गढूळ. (तीनदाच पाहिली.) जमिनीच्या पोटातच शिरायला हवं. कंबरभर खड्डा खणला. थर नीट दिसावेत म्हणून बाजू सरळ, कोपरे काटकोनात. वर काळी माती, मग तांबूस, मग विटांचे तुकडे, आणि त्यांत चिरंजीवांची लहानपणी हरवलेली लाल मोटार! ती घेऊन बराच वेळ खड्ड्यातच बसलो. संध्याकाळी त्याला दाखवली. हसला. मग म्हणाला, बघा बाबा, इथे गाडी आधीपासूनच लावलेली आहे.

११ मार्च
कलमांनी माना टाकल्या. ही म्हणाली, खड्डा आयता आहे, त्यात लावा नि सुटा एकदाचे. तो अभ्यासाचा खड्डा आहे, लागवडीचा नव्हे, हे समजावता समजावता अंधार पडला. उद्या पहाटे लागवड. नक्की. बरणी शेवटची एकदा पाहतो.

१२ मार्च, रविवार
पहाटे जरा डोळा लागला. गवंडी लवकर आला. खड्डा पाहून खूश! म्हणाला, काका, खांबाचा खड्डा काय बेतशीर खणलाय, माझं निम्मं काम केलंत. हिने कलमं बहिणीकडे पाठवली. तिने म्हणे लगेच लावलीसुद्धा. चाचणी नाही, काही नाही. अविचार!

१६ मार्च
अंगणभर ओतलेलं काँक्रीट वाळलं. या गडबडीत बरणीकडे फिरकलोच नव्हतो. आज पाहिली. खाली वाळू, मध्ये पोयटा, वर चिकण, पाणी नितळ. निष्कर्ष: माती उत्तम. गुलाबाला अगदी योग्य.
सूनबाई म्हणाल्या, बाबा, आता बरणी रिकामी करून द्या. ती घेऊन मागे गेलो. शेडभर फिरलो. तशीच परत आणली. ओतू कुठे?