हौद गळत नाही

नांदेड,
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय लीला,

अक्काचे आशीर्वाद. महांतेशना नमस्कार सांग. इकडे आई, हे आणि मी, तिघं बरे आहोत. ऊन एवढं आहे की उत्तरपत्रिका तपासताना कागद मनगटाला चिकटतो. आईचे गुडघे आहेत तसेच. काल ऑटोत चढताना तिला दोन्ही हातांनी आधार द्यावा लागला.

पाकीट बघून हसशील. उद्या सकाळच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे देते आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल. फोनवर मी वर्गात शिकवल्यासारखी बोलते आणि तुला ते लगेच पटतं. म्हणूनच लिहायला बसले.

बुधवारी बसव जयंतीच्या मुहूर्तावर तुम्ही औसा रोडच्या घराचा इसार देणार होतात. माझं ऐकून तू थांबलीस. घर असो की म्हैस, थोरल्याचा होकार आल्याशिवाय इसार द्यायचा नाही, ही आपल्याकडची पद्धत. आप्पा होते तोवर सगळे त्यांना विचारायचे. आता तू मला विचारतेस. परवा म्हणालीस, "अक्का नको म्हणाली ना, मग नको." तू जराही वाद घातला नाहीस. घातला असतास तर मला सोपं गेलं असतं.

मी जे सांगितलं त्यातलं बरंचसं खरं आहे, तेव्हा ते सोडू नकोस. तिथलं बोअर मे महिन्यात धाप टाकतं, हे घर विकणाऱ्या डॉक्टर गुरुपादप्पांनीच कबूल केलं. छपराचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडून घ्या, नाहीतर अंगणातल्या पोहायच्या हौदासाठी टँकर मागवाल आणि गल्ली नावं ठेवेल. हौद महापालिकेच्या मंजूर नकाशात आहे का, ते वकिलाला बघू दे. नसेल तर बँक कर्ज अडवेल. गाळणीची मोटार घरघरते, ती डॉक्टरांकडून बदलून घे. भोवती जाळी आणि कुलपाचं फाटक हवंच. शेजारची पोरं भिंतीवरून उतरतात, मी पाहिलं. आणि रोज निगा राखायला माणूस मिळणार नसेल तर हौद नव्हे, डासांचं घर विकत घेताय असं समजा.

पण हौद गळतो, हे मी जे सांगितलं, ते तसं नाही.

आम्ही तुझ्याकडे राहिलो तेव्हा मी डॉक्टरांकडून एक बादली मागून घेतली. ती हौदाच्या पहिल्या पायरीवर ठेवली, हौदातलं पाणी जिथवर होतं तिथवरच भरली, आणि आत-बाहेर खडूनं खूण केली. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच पितं. हौदातलं जास्त उतरलं तरच तो गळतोय म्हणायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं, तर दोन्ही सारखंच उतरलं होतं. हौदाला काही झालेलं नाही. तुला मात्र मी म्हणाले, "एका दिवसात बोटभर पाणी गेलं." हे खोटं नव्हतं. बादलीचं तेवढं बोलले नाही. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं हे केलं.

का केलं, ते डायरीत रोज लिहून खोडते आहे.

आधी वाटलं, साधा हेवा असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे माझ्याकडे आला होतात. तू नळाखाली हात धरून किती वेळ उभी राहायचीस. मी म्हणायचे, वापर गं, आमच्याकडे गोदावरी आहे. फार मोठ्या मनानं म्हणायचे. मला तेव्हा तुमची कीव येत होती आणि ती मला आवडत होती. आता तुझ्या अंगणात निळ्या फरशीचा हौद येणार आणि मी पाहुणी म्हणून काठावर बसणार, हे मला सोसेना. एवढ्यावर मी वही मिटली असती. पण तेवढंच नाही.

मी खडूनं खूण करत होते तेव्हा आई कठडा धरून पायऱ्या उतरली, तुला आठवतं ना? डॉक्टर म्हणाले, "उतरा हो बिनधास्त, माझ्या बायकोच्या गुडघ्यांसाठीच केलेला हाय." आई लुगडं खोचून पाण्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. काठी नाही, कुणाचा हात नाही. म्हणाली, "शिवकांता, दुखूनच न्हाई राहिलं गं." मग माझ्याकडे नाही, तुझ्याकडे वळून तिनं विचारलं,

"लीला, हितं माझी खोली कोणची?"

तू हसलीस आणि बागेकडची खिडकी दाखवलीस.

आप्पा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. तिच्या गोळ्या, शेक, दवाखाना, सगळं मी करते. इतक्या वर्षांत माझ्या घरात तिनं असं कधी विचारलं नाही. जी खोली दिली तिथं राहिली. आणि तुझ्या अजून न घेतलेल्या घरात तिला खोली हवी झाली.

परत येताना गाडीत तिनं विचारलं, "घर बरं हाय का गं?" मी म्हणाले, "हौद गळतोय, आई." "मग राहू दे," म्हणाली, आणि नांदेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत गुडघे चोळत राहिली. त्यानंतर तिनं त्या घराचं नावही काढलेलं नाही. तिला कळलंय की काय, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

बुधवारी इसार दे. थोरलीचा होकार आहे.

माझा हेवा गेला, असं समजू नकोस. तू घर बघायला गेलीस की तिथल्या निळ्या फरशा इथं माझ्या डोळ्यांसमोर येतील. पण हेवा माझा आहे, गुडघे तिचे आहेत.

इसार झाला की गाडी घेऊन ये आणि राहायला येतेस का, हे आईला तूच विचार. मी समोर असले तर ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. म्हणून तू आलीस की मी दूध आणायचं निमित्त काढून बाहेर पडेन. तू घाई करू नकोस. मी लवकर परतणार नाही.

तुझी थोरली,
शिवकांता