चार मिलिमीटरचा शनी

४ ऑक्टोबर, शनिवार
दुर्बिणीचं खोकं आज उघडलं. दुर्बीण ह्यांनी मागवली होती, रिटायर झाल्यावर वापरायला. हे गेले आणि आठवड्याने कुरिअर आलं. सही मी केली, सवयीने ह्यांच्याच नावाची. तेव्हापासून तीन महिने खोकं कपाटामागे उभं होतं. मी ठीक आहे.

उघडायचं कारण लेक. फोनवर पुन्हा तेच: घर बंद कर, आमच्याकडे राहायला ये, दिवसभर एकटी करतेस तरी काय? मी म्हटलं, आकाशनिरीक्षण. तोंडातून निघून गेलं. तिला खरं वाटेना, म्हणून शनीचं कडं पाहिलं असंही निघून गेलं. शेवटी ती म्हणाली, "पंचवीस तारखेला येते. मला शनी दाखव. दाखवलास तर हा विषय मी आयुष्यात परत काढणार नाही."

ठरलं. तीन आठवडे आहेत. रग्गड झाले.

५ ऑक्टोबर
खोक्यात तीन आयपीस आहेत, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या नळ्या. पंचवीस, दहा आणि चार मिलिमीटर. आकडा जितका लहान, तितकी वस्तू मोठी दिसते. शिवाय बार्लो नावाची एक नळी, ती सगळं दुप्पट करते. चार अधिक बार्लो: तीनशे पन्नास पट. गणितात मी कॉन्व्हेंटमध्ये कधी मागे नव्हते. पंचवीस आणि दहा मोज्यांच्या खणात टाकले.

मॅन्युअल बावीस भाषांत आहे, म्हणजे एकीतही धड नसणार. वाचायचं नाही असं ठरवलं.

६ ऑक्टोबर, संध्या. ७.१०
गच्चीवर. शनी नाही. चंद्र ढळढळीत समोर, तोही सापडला नाही. तीनशे पन्नास पटींनी काहीच नाही.

८ ऑक्टोबर
दुकानदाराला फोन केला. त्याचं म्हणणं, आजी, आधी पंचवीसचा लावा, त्यात आकाशाचा मोठा तुकडा दिसतो. वस्तू मधोमध आणा, मग दहा. चारला हात लावू नका, आणि बार्लो तर विसराच, एवढ्याशा दुर्बिणीला तो झेपत नाही, नुसतं धूसर दिसेल. मी विचारलं, मग खोक्यात दिला कशाला? म्हणाला, खोक्यावर आकडा मोठा छापता येतो.

आजी म्हणाला तिथेच माझं लक्ष उडालं. बायकांना हे लोक नेहमी सोपं ते देतात.

११ ऑक्टोबर
चूक माझी नव्हती. आकाशाचा नकाशा आणला, त्यात पूर्व चक्क डावीकडे छापली आहे. भूगोलाच्या सिस्टरांनी आम्हाला पट्टीच्या धाकाने शिकवलं होतं: उत्तरेकडे तोंड केलं की उजव्या हाताला पूर्व. त्यांच्या पट्टीला सेंट शिंपडल्यासारखा वास यायचा, का ते कधी कळलं नाही. पूर्व-पश्चिम पेनाने दुरुस्त केली. प्रकाशकाला शांत शब्दांत पत्र टाकलं.

१२ ऑक्टोबर
दुरुस्त नकाशा घेऊन दीड तास. मान अवघडली. शनी जिथे असायला हवा तिथे पाण्याची टाकी आहे.

१५ ऑक्टोबर, दुपारी
प्रकाशकाचं उत्तर आलं. नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो, तसा धरला की पूर्व आपोआप जागेवर येते. धरून पाहिला. येते. पत्राची भाषा मात्र जरा चढी वाटली.

आज दिवसाउजेडी फाइंडर जुळवला. फाइंडर म्हणजे नळीवरचा लाल ठिपका. ठिपका ज्याच्यावर, तीच वस्तू आत दिसायला हवी. समोरच्या दंतवैद्याच्या पाटीवर धरला. पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली, पण दिसली. मग खिडकी. मग खुर्चीतल्या माणसाची दाढ. तेवढ्यात पडदा ओढला गेला. संध्याकाळी वॉचमन निरोप घेऊन आला: डॉक्टर म्हणतात, बाईंचा दात दुखत असेल तर सरळ जिना चढून या.

म्हणजे फाइंडर जुळला.

१८ ऑक्टोबर
सापडला. थरथरता पिवळा डाग, लोण्याचा गोळा वितळल्यासारखा. कडं असावं. वीस सेकंदांत एका बाजूने निघून गेला. पुन्हा धरला, पुन्हा गेला. पृथ्वी फिरते हे सिस्टरांनी सांगितलं होतं. इतक्या घाईने फिरते हे नव्हतं सांगितलं.

२१ ऑक्टोबर
गच्चीवर गार वारं, म्हणून ह्यांचा स्वेटर घातला. बाकी काही नाही. लोक विचारतात, रडू येतं का? नाही येत. दंतवैद्य सुई देतो, मग ओठ आपलाच असतो पण जाणवत नाही, तसं आहे. गैरसोय काहीच नाही.

२४ ऑक्टोबर
उद्याचा बेत. सात: जेवण. पावणेआठ: गच्ची. लाल ठिपका शनीवर. मी आधी बघायचं नाही. मी बघून बाजूला होईस्तोवर तो निसटतो. ठिपका बसला की लगेच लेकीला पुढे करायचं. आयपीस चारचाच. पाहुण्यांना पंचवीसचा दाखवणं बरं दिसत नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार, रात्री ९
बेत तंतोतंत. ठिपका बसला. लेकीला म्हटलं, हं, पटकन. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ शनी थांबत नाही, पण मी मध्ये बोलले नाही.

"दिसला, आई."

कडं? "कडंसुद्धा. अगदी स्वच्छ."

रंग कोणता, विचारलं. पिवळसर, म्हणाली. मग मी डोळा लावला. काळोख. निसटला असणार.

जिंकले. खाली आल्यावर तिने माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि हवापाण्याचं बोलत बसली.

२६ ऑक्टोबर
ती सकाळच्या बसने गेली. दुर्बीण आवरायला वर गेले, तर पुढच्या तोंडावर झाकण. घट्ट बसवलेलं. दव पडू नये म्हणून काल जेवायच्या आधी मीच घातलं होतं.

रात्री खाली येताना पुन्हा घातलं असेल. तसं आठवत नाही. पण लेकीची नजर लहानपणापासून तीक्ष्ण, आणि खोटं ती बोलत नाही. तीही सिस्टरांच्याच हाताखालची.

२ नोव्हेंबर, रविवार
अकराला तिचा फोन आला, नेहमीसारखा. माझ्यासाठी म्हणून इतके दिवस रिकामी ठेवलेली खोली होती, तिथे जावयांचं कामाचं टेबल लावलं म्हणाली. उजेड छान येतो. मी म्हटलं, बरं केलंस, मला तरी इथून हलायला सवड कुठे आहे?

नऊ मिनिटं बोललो. मी मध्येच दोनदा थांबले, तिला विषय काढायला जागा मिळावी म्हणून. तिने काढला नाही. शब्दाची पक्की आहे.

संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. लवकर झोपले.