चित्रा तांबडी दिसते

१२ एप्रिल १९४८
सुमनने वही दिली, रोज लिही म्हणाली. नात माझी. आईवेगळी, मीच वाढवली. मुंबईत ताऱ्यांचं शिकते. वैशाखअखेर बोटीने विलायतेला जाणार, तिकडे ताऱ्यांचा उजेड मोजायचं यंत्र आहे. आणि मी दुसरीपर्यंत शिकलेली, मलाही काम दिलंय! दिवेलागण झाली की अंगणातून दोन तारे बघायचे. चि. म्हणजे चित्रा, निळसर पांढरी. स्वा. म्हणजे स्वाती, तांबूस. "आजे, दिसेल तेच लिही. बरं वाटेल ते नको."
आज चि. पांढरी. भात एकटीपुरता टाकला तरी उरला.

१७ एप्रिल
नेम नीट बसावा म्हणून आता डावा डोळा मिटून बघते. चि. तांबूस. शेजारच्या दगडूने भाताच्या रोपांसाठी राब भाजलाय, शेण-पालापाचोळा, सगळं कडाव गाव धुरात. सु.चं कार्ड आलं. आभाळातही धूळ असते म्हणे, लांबचा तारा तिच्यातून मंद नि तांबडा दिसतो. पण तांबड्याच्याही पलीकडचा एक उजेड असतो, डोळ्याला न दिसणारा. तो धुळीतून बराचसा निसटतो, यंत्राला कळतो. मला लगेच पटलं. निखारा काळा पडला तरी हाताला धग लागतेच की. उलट टपाली कळवलं. खूश होईल पोरगी.

२३ एप्रिल
चैत्री पुनव. चंद्र चि.च्या अगदी शेजारी. बोट दाखवलं, बघायला कोणी नाही.

२८ एप्रिल
चि. तांबडीच. दगडूला बोलले, किती दिवस धूर करतोस. तो हसला. "वयनी, माझा राब कवाचा विझला. तुमची चांदनी काय चुलीपाशी बसलीय?"
रागाने तसाच नेम धरून वर बघतेय तोच उजव्या डोळ्यात चिलट गेलं. तो मिटला, डावा उघडला, आणि डाव्याने चि. पांढरी लख्ख! मग डावा झाकून बघितलं. तांबडी, पुसट. चारदा केलं.
धूळ माझ्याच डोळ्यात. सासूबाईंना मोतीबिंदू असाच

२९ एप्रिल
स्वयंपाक केला नाही. जाताना सु. म्हणाली होती, तुला काही झालं तर मी बोटीत बसणार नाही. बसणार नाहीच ती, हट्टी. माझ्यावर गेलीय.

३० एप्रिल
कार्ड लिहिलं. "चि. पांढरी." खोटं नाही, डाव्याने तशीच दिसते. उजव्याचं तिने विचारलेलं नाही.
पण दिसेल तेच लिही म्हणाली होती.
खाली दोन ओळींची जागा आहे. पोस्टमन सकाळी येईल.