डोंगराखाली एक माणूस हवा

तीर्थरूप तात्या,

इतक्या लांबून पाया पडते. मी बरी हाय. जर्मनीतलं जेवण बेचव, पण आईनं दिलेला मसाला अजून पुरतोय. फोनवर तुमी विषय बदलता, म्हणून लिहिते.

काल आमच्या चित्रकलेच्या सरांनी चित्रसंग्रहालयात नेलं. जुनी, भिंतभर चित्रं. काळं आभाळ, अंगावर येणारे कडे आणि खाली बोटाएवढा पाठमोरा माणूस. सगळे हरखून बघत होते. मला त्या माणसाला हाक मारून मागं बोलवावंसं वाटलं.

खोलीवर येऊन मी आपल्या घरामागचा डोंगर काढला, गेल्या पावसात तडा गेलेला. सर म्हणाले, "छान आहे, पण पायथ्याशी एक माणूस हवा. त्याशिवाय डोंगराचा धाक वाटत नाही."

तो तडा आता कुठवर आलाय? पावसाळा तोंडावर हाय. साईराजदादा तुमच्यासाठी खोपोलीला खोली बघणार होता, बघितली का? गुरं पोशीरला आत्याकडं राहतील की.

मी ब्रश धरून बसून राहिले. तिथं कुणालाही उभं केलं तरी पाठीवरून तुमीच दिसता. शेवटी पायथा रिकामाच ठेवला.

तात्या, तुमीपण निघा आता तिथून.

तुमची,
अक्षदा